ताणलं तरी तुटत नाही

जुन्या लेगिंगची विरलेली शिवण हलकेच ताणून पाहा. सुती धाग्यांमधून केसासारखे बारीक, पांढरे तंतू डोकावतील. हाच स्पॅन्डेक्स. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो घडवला. 'लायक्रा' हे त्याचं बाजारातलं नाव.

खरी करामत आहे ती रेणूत. एकाच साखळीत दोन स्वभावांचे तुकडे आळीपाळीने जोडलेले असतात. मऊ तुकडे लांब, लोकरीच्या गुंत्यासारखे वेटाळून पडलेले. ओढलं की सरळ होतात. कडक तुकडे आखूड, शेजारच्या साखळ्यांना घट्ट धरून बसणारे. त्यांच्यामुळेच सोडताक्षणी कापड मूळ मापावर येतं. कडक भाग वाढवला की पकड वाढते, मऊ भाग वाढवला की लवचीकपणा. हवा तसा धागा असा ठरवून घडवता येतो, हे मला फार विलक्षण वाटतं. तो मूळ लांबीच्या पाचपट सहज ताणला जातो, म्हणून जीन्समध्ये जेमतेम २ टक्के मिसळला तरी पुरतो.

उष्णता आणि क्लोरीन मात्र त्याला सोसत नाहीत. असे कपडे गार पाण्यात धुवा, ब्लीच टाळा आणि सावलीत वाळवा.