खेळून पोट भरतं का?

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरगी मैदानावरून घरी यायचं नाव घेत नाही. खेळून पोट भरतं का हो?" प्रश्न खरा आहे. म्हणून आज जर्मनीच्या बिर्गिट प्रिंझ या फुटबॉल खेळाडूची गोष्ट सांगते.

आधी तिच्या देशाचं ऐका. पश्चिम जर्मनी फुटबॉलवेडा देश. पण तिथल्या फुटबॉल संघटनेनं १९५५ साली क्लबांना बायकांचे संघ काढायला बंदी केली. हा खेळ बाईच्या शरीराला आणि मर्यादेला शोभत नाही, असं कारण दिलं. बंदी उठली १९७० साली. पुढे १९८९ मध्ये बायकांच्या संघानं युरोपचा करंडक जिंकला, तेव्हा बक्षीस काय दिलं? प्रत्येकीला कपबश्यांचा सेट!

बिर्गिटचा जन्म १९७७ चा, फ्रँकफर्टचा. सोळाव्या वर्षी ती देशाकडून खेळली. गावच्या क्लबकडून खेळता खेळता तिनं फिजिओथेरपीचं, म्हणजे दुखरे सांधे-स्नायू व्यायामानं बरे करण्याचं शिक्षण घेतलं.

२००२ मध्ये ती अमेरिकेला गेली. तिथं बायकांना पगार देणारी लीग नुकतीच सुरू झाली होती. कॅरोलायना करेज हा तिचा संघ त्याच वर्षी विजेता ठरला. पण पुढच्याच वर्षी पैशाअभावी ती लीगच बंद पडली. विश्वचषक तेव्हा आठवड्यावरही नव्हता. तरी त्या स्पर्धेत बिर्गिटनं सर्वांत जास्त, सात गोल केले आणि जर्मनी जिंकली. मग इटलीच्या पेरुजा या पुरुषांच्या क्लबनं तिला बोलावलं. तिनं नाही म्हटलं. फ्रँकफर्टमध्ये खेळत राहिली. २००३, २००४, २००५ अशी सलग तीन वर्षं ती जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. २००७ चा विश्वचषकही जर्मनीनंच जिंकला.

२०११ चा विश्वचषक जर्मनीतच होता. बिर्गिट कर्णधार होती, पण खेळ जमेना. दोन सामन्यांनंतर तिला बाहेर बसवलं. त्याच वर्षी ती थांबली. देशासाठी २१४ सामने, १२८ गोल!

पण ती रिकाम्या हातानं घरी बसली नाही. खेळतानाच तिनं मानसशास्त्राची पदवीही घेतली होती. पुढे हॉफेनहाइम क्लबमध्ये खेळाडूंच्या मनावरचं ओझं हलकं करणं, हेच तिचं काम झालं.

तर ताई, खेळून पोट भरतं. पण लीग बंद पडते, वय होतं, जागा जाते. आपण नाही का, शेळीबरोबर शिलाई मशीनही ठेवत? मुलीला मैदानावरून ओढून आणू नका. फक्त दप्तरही सुटू देऊ नका. पुढच्या बैठकीत एवढं बोला: आपल्या गावात मुलींना खेळायला मैदान किती वाजता मोकळं असतं?