ओठ ओले करा, पाणी पाजू नका

मरणाच्या दारात असलेलं माणूस जेवण सोडतं, तेव्हा घरची मंडळी आधी वाटी-चमचा शोधतात. ‘दोन घोट पेज तरी जाऊ दे पोटात. उपाशी कसं पाठवायचं?’ या प्रेमात खोट नाही. पण देह आवरत आला की भूक आधी जाते आणि मग गिळण्याची ताकद. अशा वेळी चमच्याने ओतलेलं पाणी श्वासनलिकेत उतरतं, आणि ठसका देऊन ते बाहेर टाकण्याइतकं बळ त्या छातीत उरलेलं नसतं. जबरदस्तीच्या सलाइननेही बऱ्याचदा अंगाला सूज येते, छातीत घरघर वाढते.

वृद्धाश्रमातल्या जाणत्या मावशींना हे पुस्तकात वाचावं लागत नाही. सांगलीकडच्या एका वृद्धाश्रमात वर्षानुवर्षं काम केलेल्या आमच्या ओळखीच्या एका मावशी नातेवाइकांना एवढंच सांगत, ‘पाजू नगा. व्हट वल्लं करा फकस्त.’ मग स्वतः करून दाखवत. कवळी असेल तर आधी काढायची. मऊ कापडाचा तुकडा पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, बोटाला गुंडाळायचा आणि जीभ, हिरड्या, गालांच्या आतली बाजू हलक्या हाताने पुसायची. शेवटी ओठांना तुपाचं बोट. दर तासा-दोन तासांनी हेच पुन्हा. तोंडाला पडलेली कोरड हा शेवटच्या दिवसांतला मोठा त्रास असतो, आणि तो एवढ्याने हटतो. लेक गंगाजळाची लोटी घेऊन आली तर मावशी तिला अडवत नसत. तुळशीच्या पानाने एक थेंब ओठांवर ठेवायला लावत. रीतही राहायची आणि छातीत पाणीही जायचं नाही.

सांगलीहून पेठनाक्याकडे जाताना लागणारं आमचं आष्टा आता शिक्षणाचं गाव झालंय. इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयुर्वेद महाविद्यालय आहे. शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला किंवा त्याहून लांब जातात. मागे वाड्यात, बंगल्यात दोघं राहतात आणि काही वर्षांनी एकच. मग कुणी दिवसपाळीची बाई ठेवतं, कुणी वृद्धाश्रम शोधतं. लाज वाटावी असं त्यात काही नाही. पण तिथे शेवटचे पंधरा दिवस कुणाच्या हातात जातात, हे आपण विचारत नाही. ते जातात मावशींच्या आणि मामांच्या हातात. डॉक्टर येऊन जातात, रात्र यांना काढायची असते.

काय काय कळतं त्यांना! पावलं गार पडली, गुडघ्यांवर निळसर-जांभळी जाळी उमटली, श्वास भरभर चालून मध्येच काही क्षण थांबू लागला, की ‘पुण्याला फोन लावा’ हे त्याच आधी सांगतात. बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणंही त्यांनाच आधी दिसतं. कूस बदलताना आवळलेली मूठ, कपाळावरची न मोडणारी आठी, पाय सरळ करताना आलेलं कण्हणं. हे डॉक्टरांच्या कानावर गेलं तरच औषध बदलतं.

शुश्रूषा किती उंचीला जाऊ शकते याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथेच हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं त्यांना न्हाऊ-माखू घातलं, भरवलं, कुशीवर वळवलं ते त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी आणि आयांनी. पिढ्या बदलल्या, काम थांबलं नाही. दयामरणाच्या याचिकेवर 2011 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेची तोंडभरून प्रशंसा केली. इतकी वर्षं खाटेवर असूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते.

ही किती मोठी गोष्ट आहे ते खाट सांभाळणाऱ्यालाच कळेल. माकडहाड, टाचा, नितंबांची हाडं, खांदे या जागी हाडाखाली कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही. आधी लाली येते, दाबून सोडली तरी जात नाही, मग कातडी फाटते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागे उशी लावायची, टाचा खाटेला टेकू द्यायच्या नाहीत. माणसाला चादरीवरून ओढायचं नाही, चादरीसकट उचलायचं; याला दोघी लागतात. एका मावशीच्या अंगावर वीस खाटा टाकल्या तर ती कितीही मायेची असो, व्रण होणारच. तेव्हा मावशीला बोल लावू नये, आश्रमाच्या चालकांना विचारावं.

मरणासन्न माणसाची सेवा हे वेगळं शास्त्र आहे, हे जगाला पटवलं ते लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी अशा सेवेसाठीच सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. दुखणं शरीराचं असतं तसं मनाचं, पैशाचं, श्रद्धेचंही असतं, हे त्यांचं सांगणं. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्याकडेच निघालं, 1986 मध्ये वांद्र्याला, डॉ. एल. जे. डिसूझा यांचं ‘शांती आवेदना सदन’. गोव्यात लोटलीलाही त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याचं सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र 1997 पासून कर्करुग्णांची सेवा करतं. मोठी शहरं सोडली की मात्र ही सोय विरळ होत जाते.

कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिनची साधी गोळी उत्तम काम करते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने ती कित्येक वर्षं रुग्णांपर्यंत पोचत नव्हती. 2014 च्या दुरुस्तीने वाट सोपी केली. गोळी दुखण्याची वाट न बघता घड्याळ लावून द्यायची असते. तिने बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून सोबत रेचक लागतं. शौचाला किती दिवस झालं नाही, याची नोंदही मावशीच ठेवते.

आश्रमातली खरी कोंडी होते रात्री अडीचला. श्वास बिघडलाय, मुलगा फोन उचलत नाही. सांगली-मिरजेला हलवायचं की इथेच राहू द्यायचं? ठरवून ठेवलेलं काही नसेल तर रुग्णवाहिका येते आणि आजोबा अनोळखी दिव्यांखाली, नळ्यांमध्ये जातात. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं. जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सुटसुटीत झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. आई-वडील धडधाकट असताना दिवाळीला सगळे जमतात, तेव्हाच हा विषय काढावा. अशुभ वाटतं, तरी काढावा.

मावशींना शिकवलं मात्र जात नाही. बहुतेक जणी आधीच्या मावशीकडून बघून शिकतात. पगार घरकामाइतका, पाळी बारा तासांची. पालथं न घालता माणसाला कसं वळवायचं, कण्हणं कसं ओळखायचं, तोंडाची निगा, नातेवाइकांशी काय बोलायचं, एवढं शिकवणारा आठवड्याचा वर्ग आपल्याकडच्या नर्सिंग आणि आयुर्वेद महाविद्यालयांना सहज घेता येईल. आश्रम निवडायला जाल तेव्हा बाग आणि देवघर बघून झालं की दोन गोष्टी विचारा: रात्री एका मावशीकडे किती खाटा असतात, आणि इथलं माणूस गेलं की त्या मावशीला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का. सहा महिने रोज भरवलेली म्हातारी पहाटे गेली आणि सकाळी सातला त्याच खाटेवर नवी चादर घालायची वेळ तिच्यावर आली, असं अनेक ठिकाणी चालतं.