निष्कास वायु-परीक्षण व जुन्या मोटारगाडीचे दोषनिदान

मोटारगाडीच्या एंजिनात इंधनाचे ज्वलन झाल्यावर सायलेन्सरवाटे बाहेर पडणाऱ्या वायूंतील प्रदूषक घटकांचे मापन म्हणजे निष्कास वायु-परीक्षण होय. व्यवहारात ते पीयूसी चाचणी या नावाने ओळखले जाते. जुनी मोटारगाडी दुरुस्तीनंतरही या परीक्षणात पुनःपुन्हा अनुत्तीर्ण होत असेल, तर बहुधा लक्षणावर उपाय झालेला असतो व मूळ कारण तसेच राहिलेले असते. मापनयंत्रावरील आकडे एकेकटे न वाचता एकत्र वाचले, तर दोषाचे स्थान बऱ्याच अंशी त्यांवरूनच कळते.

परीक्षणाचे प्रकार : नव्या नमुन्याच्या वाहनाचे परीक्षण प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर वाहन चालवून करतात व प्रदूषकांचे प्रमाण दर किलोमीटरला ग्रॅममध्ये देतात. असे परीक्षण करण्यास केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये मान्यता असलेल्या संस्थांपैकी संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास आस्थापना अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) शहराजवळ वाहननगर येथे आहे. वापरातील वाहनांना मात्र नियम ११५ खालील साधे परीक्षण लागू होते. पेट्रोल वाहनाचे एंजिन निर्भार मंद गतीने चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने मोजतात. १ ऑक्टोबर २००४ पासून लागू झालेल्या मर्यादांनुसार भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल वाहनास कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के व हायड्रोकार्बने दशलक्ष भागांत १,५०० भाग, तर भारत स्टेज-२ व ३ च्या वाहनास अनुक्रमे ०·५ टक्का व ७५० भाग इतकी मुभा आहे. भारत स्टेज-४ च्या वाहनास हीच मर्यादा ०·३ टक्का व २०० भाग अशी आहे. म्हणून परीक्षणापूर्वी गाडी कोणत्या टप्प्यातील आहे, हे नोंदणी पुस्तकावरून पाहणे आवश्यक असते.

ज्वलनाचे स्वरूप : एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सु. १४·७ भाग हवा लागते. हवा कमी पडल्यास मिश्रण समृद्ध होते व कार्बनाचे ज्वलन अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होते. हा वायू रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा कितीतरी अधिक घट्टपणे संयोग पावतो. त्यामुळे बंद जागेत तो प्राणघातक ठरतो. हायड्रोकार्बने म्हणजे न जळलेले इंधन होय. ठिणगी न पडणे, मिश्रण फार विरळ होणे, झडप नीट न बसणे किंवा वंगण तेल ज्वलनकोठीत शिरणे यांमुळे ती वाढतात.

आकड्यांचे वाचन : निदानासाठी वरील दोन वायूंबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड व ऑक्सिजन यांचेही मापन उपयोगी पडते. कार्बन मोनॉक्साइड जास्त व ऑक्सिजन अत्यल्प असेल, तर मिश्रण समृद्ध असते. अशा वेळी तुंबलेली हवेची गाळणी, अडकलेला चोक, कार्ब्युरेटरातील फ्लोटची चढलेली पातळी, गळणारा इंजेक्टर किंवा एंजिन थंड असल्याची खोटी सूचना देणारा तापमान संवेदक यांचा शोध घ्यावा लागतो. हायड्रोकार्बने व ऑक्सिजन दोन्ही जास्त, परंतु कार्बन मोनॉक्साइड कमी असेल, तर एखाद्या सिलिंडरातील ज्वलन चुकत असते. स्पार्क प्लग, त्याची तार, आदान नळीला पडलेली फट अथवा जळालेली निष्कास झडप हे त्याचे नेहमीचे उगम होत. ऑक्सिजन जास्त, कार्बन डाय-ऑक्साइड कमी, पण एंजिन मात्र सुरळीत चालत असेल, तर सायलेन्सरला भोक पडून बाहेरची हवा मिसळत असावी. असे मापन भ्रामक असते. प्रदूषकांची टक्केवारी खरी असते त्यापेक्षा कमी दिसते.

उत्प्रेरकी परिवर्तक : कार्यशाळांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या नावाने परिचित असलेले हे साधन प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या धातूंच्या साहाय्याने उरलेल्या प्रदूषकांचे रूपांतर करते. दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना ते एप्रिल १९९५ पासून सक्तीचे झाले. शिशाचा अंश परिवर्तकास निकामी करीत असल्याने त्यासाठी तेथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले. देशात सर्वत्र तसे पेट्रोल २००० मध्ये मिळू लागले. त्यामुळे १९९५ ते २००० या काळात अहमदनगर जिल्ह्यात नोंदलेल्या मोटारीस परिवर्तक नसणे हा दोष मानता येत नाही. ज्या गाडीस तो आहे, तीत तो सु. ३०० से. तापमानाला पोहोचल्यावरच प्रभावीपणे कार्य करतो. म्हणून थंड एंजिनावर केलेले परीक्षण निरर्थक ठरते. ज्वलन चुकल्यास न जळलेले इंधन परिवर्तकात जळून त्याची जाळी वितळते, तर जळणाऱ्या वंगण तेलातील फॉस्फरसाचा थर धातूंवर बसतो. मूळ दोष न काढता नवा परिवर्तक बसविला, तर तोही काही काळाने निकामी होतो. वारंवार अनुत्तीर्ण होणाऱ्या गाडीवरील सर्वांत मोठा व्यर्थ खर्च याच ठिकाणी होतो.

स्थानिक परिस्थिती : अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून सु. ६५० मी. उंचीवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रकिनाऱ्यावरील हवेपेक्षा सु. ६ टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे मुंबईत जुळविलेल्या कार्ब्युरेटरातील मिश्रण येथे किंचित समृद्ध होते. जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत असल्याने कच्च्या रस्त्यांवरील धूळ गाळणी लवकर तुंबविते. याउलट परिणाम एथॅनॉलाचा होतो. जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतूनही तयार होणारे हे इंधन पेट्रोलात मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये देशभर २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. एथॅनॉलास ज्वलनासाठी त्याच्या वजनाच्या सु. ९ पट हवाच पुरते. म्हणून त्याच जेटमधून येणारे मिश्रण विरळ होते. तसेच जुन्या टाकीतील गाळ सुटून जेट तुंबतात व रबरी नळ्या फुगून गळू लागतात. सुस्थितीतील एंजिन हे फरक सहन करते. आधीच झिजलेल्या एंजिनात मात्र दडलेले दोष त्यांमुळे उघडे पडतात.

निदानाचा क्रम : प्रथम एंजिन पुरेसे तापवून सायलेन्सरची गळती तपासतात. त्यानंतर हवेची गाळणी, वंगण तेल व स्पार्क प्लग पाहतात. काजळीने काळा पडलेला प्लग समृद्ध मिश्रणाचा, तर तेलकट प्लग दट्ट्याच्या झिजलेल्या कड्यांचा निदर्शक असतो. मग प्रत्येक सिलिंडरातील संपीडन दाब मोजतात. सर्व सिलिंडरांत तो जवळजवळ सारखा आढळल्यासच कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर यांच्या जुळवणीकडे वळावे. परिवर्तकाचा विचार सर्वांत शेवटी करतात. प्रत्यक्षात पुष्कळदा या क्रमाऐवजी कार्ब्युरेटरातील मंद गतीचा स्क्रू फिरवून मिश्रण तेवढ्यापुरते विरळ केले जाते. गाडी उत्तीर्ण होते, पण ती नीट ओढत नाही. म्हणून स्क्रू पुन्हा पूर्ववत केला जातो व सहा महिन्यांनी प्रमाणपत्राची मुदत संपताच तोच प्रश्न उभा राहतो.

डीझेल गाडीत मुक्त प्रवेगाच्या वेळी निघणाऱ्या धुराची अपारदर्शकता मोजतात. काळा धूर हवेच्या मानाने जादा इंधन, बिघडलेला इंजेक्टर किंवा चुकलेली अंतःक्षेपणाची वेळ दर्शवितो. निळा धूर वंगण तेल जळत असल्याचे, तर एंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर इंधन न जळताच बाहेर पडत असल्याचे किंवा शीतनाचे पाणी सिलिंडरात झिरपत असल्याचे लक्षण असते. पेट्रोल गाड्यांच्या पीयूसी चाचणीत नायट्रोजनाची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे एंजिन निर्दोष झाले, असे समजता येत नाही; वाढलेला इंधनखर्च, घटलेली ओढ व अस्थिर मंद गती ही लक्षणे कायम असतील, तर निदान अपुरे राहिले आहे असेच मानावे लागते.