शंभर चौकटींचा फड

यंदाच्या प्रदर्शनासाठी आम्ही चौघांनी संगणकावर एक खेळ तयार केला. त्याचे नाव ‘फड’. हाताशी वेळ होता फक्त तीन संध्याकाळींचा. त्यातही आमच्यापैकी तिघे बाहेरगावचे, त्यामुळे शेवटच्या बसकडे डोळे लावूनच काम चाले. खेळ पाहणाऱ्यांनी आम्हाला दोन प्रश्न वारंवार विचारले. पहिला, वाणिज्य शाखेच्या मुलांना किड्यांशी काय देणेघेणे? दुसरा अधिक महत्त्वाचा : तुमच्या खेळात औषध फवारले तरी कीड पुन्हा वाढते, हा खेळातला दोष की शेतातही खरेच असे घडते? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे येथे देण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या खेळाचा विषय कल्पनेतला नाही. २००२ सालच्या पावसाळ्यात सांगली भागातल्या उसावर लोकरी मावा दिसला. पूर्व भारतात तो आधीपासून माहीत होता, पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही कीड नवीन होती. त्याच वर्षी तो कोल्हापूर, बेळगाव, बागलकोट असा सगळीकडे पसरला. निपाणीच्या आसपास दूधगंगा-वेदगंगेच्या काठचा ऊस कोणत्या राज्यात आहे, याची चौकशी त्याने केली नाही. मराठीत त्याला लोकरी मावा म्हणतात, कन्नडमध्ये उण्णे हेनु. उण्णे म्हणजे लोकर आणि हेनु म्हणजे ऊ. दोन्ही भाषांतल्या शेतकऱ्यांच्या नजरेत आधी ती पांढरी लोकरच भरली. खेळाच्या पडद्यावर आम्ही दोन्ही नावे ठेवली आहेत.

हा मावा पानाच्या खालच्या बाजूस बसून रस शोषतो. त्याच्या अंगातून गोड चिकट द्राव पाझरतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पान निकामी होते. मादीला नराची गरज लागत नाही. ती थेट पिल्लांना जन्म देते. म्हणजे वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर हे चक्रवाढ व्याज आहे, आणि मुदतही फार थोडी. माझे थोरले काका सांगतात की त्या वर्षी फडात शिरले की अंगावर पांढरी भुकटी पडे. सोसायटीचे कर्ज उसावर, घरातले लग्न उसावर, आणि ऊस असा पांढरा पडलेला. अशा वेळी पंप पाठीवर घ्यावा की थांबावे, हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही.

आता खेळाविषयी. पहिल्या संध्याकाळी आमच्या यादीत पाऊस, मुंग्या, पक्षी, खते, बाजारभाव असे बरेच काही होते. तीन संध्याकाळींत ते बसणे शक्य नव्हते. म्हणून ज्याच्यावाचून खेळच होणार नाही एवढेच ठेवायचे ठरले. उरले ते असे : दहा बाय दहा, म्हणजे शंभर चौकटींचा फड. हिरवी चौकट म्हणजे निरोगी ऊस, पांढरी म्हणजे मावा, लाल ठिपका म्हणजे मित्रकीटक. त्यांना चार नियम. मावा दर फेरीला शेजारच्या एका चौकटीत पसरतो. मित्रकीटक शेजारचा मावा खातो, आणि दोनदा पोट भरले की एकाचे दोन होतात. तीन फेऱ्या उपाशी राहिला तर तो मरतो. फवारणीचे बटण दाबले की मावा आणि मित्रकीटक दोघांतलेही दहापैकी नऊ मरतात. फासा कोठेही नाही.

हे मित्रकीटकही खरेच आहेत. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हे दोघे लोकरी माव्यावर जगतात. त्या साथीच्या काळात संशोधकांनी व कृषी विद्यापीठांनी ते वाढवून फडांत सोडण्यावर भर दिला. मावा खाऊन टाकणारी एन्कार्शिया ही अगदी बारीक परोपजीवी माशीही आसामातून आणून दक्षिणेत सोडली गेली. पुढे काही वर्षांत साथीचा जोर ओसरला, त्यात या मित्रांचा मोठा वाटा मानला जातो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. फवारणीचा नियम आम्ही मुद्दाम दोघांना सारखा ठेवला आहे. माव्याला सवलत दिलेली नाही. तरी काय होते पाहा. समजा, चाळीस चौकटींत मावा आहे आणि मित्रकीटक दहा. बटण दाबले. मावा चार चौकटींत उरला, मित्रकीटक एक. प्रमाण तेच राहिले, म्हणून कागदावर काही बिघडलेले नाही. पण माव्याला चारी बाजूंनी हिरवा ऊस आहे : चाराचे आठ, आठाचे सोळा, सोळाचे बत्तीस. तीन फेऱ्यांत तो जवळजवळ मूळ जागी आला. मित्रकीटक मात्र शंभर चौकटींत एकटा. त्याच्या शेजारी मावा नसला तर तेवढ्याच तीन फेऱ्यांत तो उपाशी मरतो. फवारणीने माव्याचे नातलग मारले, मित्राचे मात्र नातलगही मारले आणि अन्नही काढून घेतले.

हे गणित जुने आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली होती. त्या वर्षांत बंदरांवर येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले इटलीच्या उंबेर्तो दांकोना यांना आढळले. त्यांचे सासरे व्हितो व्होल्तेरा हे मोठे गणिती. त्यांनी १९२६ मध्ये समीकरणे मांडून दाखवले, की शिकारी आणि भक्ष्य दोघांनाही सारखेच मारले, तर सरासरीने शिकारी घटतो आणि भक्ष्य वाढते. जाळ्याच्या जागी पंप ठेवा, म्हणजे आपला फड झाला. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांतही हेच दिसले. तेथे १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका लहान ढालकिड्याने पिठासारखी पांढरी खवले कीड आटोक्यात आणली होती. १९४० नंतरच्या दशकात डीडीटी आले, ढालकिडे मेले आणि ती कीड पुन्हा उसळली.

खेळाविषयी आणखी एक तक्रार आली, की एकाच पद्धतीने खेळूनही निकाल वेगळा लागतो. येथे ‘केऑस’ हा शब्द समजून घ्यावा लागतो. हा गोंधळ आहे, पण नियमात बसणारा. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहून दाखवले, की अगदी साध्या सूत्रातूनही असा गोंधळ निघतो. वही घेऊन करून पाहा. शंभर जणांना पुरेल एवढी जागा आहे. आजची संख्या गुणिले रिकामी जागा, भागिले शंभर, गुणिले ३.८, ही पुढची पिढी. अपूर्णांक सोडू नका. ४० पासून सुरुवात केली तर क्रमाने सुमारे ९१, ३०, ८१, ६०, ९२, २९, ७९, ६३ येतात. ४१ पासून केली तर ९२, २८, ७७, ६७, ८४, ५२, ९५, १९. सुरुवातीला फरक एकाचा होता. आठव्या पिढीत एकीकडे त्रेसष्ट, दुसरीकडे एकोणीस. आमच्या फडातही मावा एक चौकट इकडे की तिकडे, यावर पुढचा डाव फिरतो. म्हणून ‘दहाव्या फेरीला काय होईल’ हे सांगता येत नाही, पण ‘सरसकट मारल्यास कोणाचा फायदा’ हे सांगता येते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

याचा अर्थ फवारणी कधीच करू नये असा नाही, आणि शंभर चौकटींवरून कोणी आपल्या शेतातला निर्णय घेऊ नये. ज्यांना पाऊस, मुंग्या आणि बाजारभाव घालून हा खेळ पुढे न्यायचा असेल, त्यांनी जरूर न्यावा.

राहिला पहिला प्रश्न, वाणिज्य शाखेचा. औषधाची बाटली विकत घेतली की तिची पावती मिळते. ती खर्चात लिहिता येते. डिफाच्या अळीने आठवडाभर फडात केलेल्या कामाची पावती कोणी देत नाही, म्हणून ती कोणत्याच वहीत चढत नाही. ती मेली तर झालेले नुकसानही चढत नाही. ते पुढल्या महिन्यात औषधाची दुसरी बाटली होऊन खर्चात येते, आणि आपण समजतो की कीड वाढली म्हणून खर्च वाढला. हिशेब शिकणाऱ्याने निदान एवढे शिकावे, की वहीत नाही ते फडातही नाही असे समजू नये. पंप भरण्यापूर्वी दहा-वीस पाने उलटून पाहावीत. पांढऱ्या लोकरीत जाळी करून बसलेल्या अळ्या दिसल्या, तर त्या आपल्या बाजूच्या आहेत.