अजिंठ्याच्या भिंतीवरील कामकरी चित्रकार

काही वर्षांपूर्वी आपल्या विद्यालयाची सहल अजिंठ्याला गेली असता, पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीसमोर उभे राहून आम्ही नेहमीप्रमाणे वाकाटक काळ, महायान पंथ, करुणेचा भाव असे सांगत होतो. तेवढ्यात वसतिगृहातील आठवीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे काढणारे लोक रोज कामाला यायचे का? त्यांना आधी काय करावं लागायचं?" त्या वेळी आम्ही काहीतरी सांगून पुढे गेलो. इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाला राजांची वंशावळ तोंडपाठ असावी आणि ज्या हाताने भिंत रंगवली त्या हाताचा दिवस कसा जात होता हे मात्र सांगता येऊ नये, याची टोचणी पुढे बराच काळ राहिली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

काळाविषयी थोडक्यात सांगतो. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावरील नवव्या व दहाव्या लेण्यांतील आरंभीची चित्रे सातवाहनकालीन, इसवी सनापूर्वीची आहेत. ज्यांना आपण सर्रास 'अजिंठ्याची चित्रे' म्हणतो ती मुख्यतः 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांत असून, ती पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील आहेत. सोळावे लेणे त्याचा सचिव वराहदेव याने कोरवले, हे तेथील शिलालेख सांगतो. सव्विसाव्या लेण्याच्या शिलालेखात बुद्धभद्र या भिक्खूचे नाव आहे. दान देणाऱ्यांची नावे दगडात कोरून राहिली. ज्यांनी पद्मपाणी चितारला त्यांचे नाव मात्र कोठेही नाही. त्यामुळे त्या माणसाची ओळख करून घ्यायची तर शिलालेख सोडून भिंतच वाचावी लागते.

भिंत वाचताना प्रथम लक्षात येते ते हे, की चित्रकाराचे काम कुंचला हाती घेण्याच्या फार आधी, चिखलापासून सुरू होत असे. सह्याद्रीचा काळा कातळ छिन्नीने कोरल्यावर तो मुद्दाम खडबडीत ठेवला जाई. कारण गुळगुळीत दगडाला गिलावा धरत नाही. त्यावर मातीचा पहिला जाड थर चढे. त्या मातीत साळीचे तूस, गवत व वनस्पतींचे तंतू कालवलेले असत. तो वाळला की बारीक मातीचा दुसरा थर, आणि त्यावर चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा पातळ हात. ज्यांनी गावाकडे कुडाच्या घराची भिंत लिंपताना आई-आजीला मातीत भुसा कालवताना पाहिले आहे, त्यांना ही कृती नव्याने सांगावयास नको.

विशेष म्हणजे ही कृती विनयपिटकात लिहिलेली आहे. चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकात विहाराच्या भिंतींविषयी नियम येतात. भिक्खूंनी पांढरा, काळा आणि गेरूचा रंग वापरण्यास तथागतांनी अनुज्ञा दिली. परंतु खरखरीत भिंतीवर पांढरा रंग बसेना. तेव्हा तुसाचे मातकट गोळे लावून, ते थापीने सारखे करून, मग त्यावर रंग द्यावा, अशी सोय सांगितली आहे. तेथेच स्त्री-पुरुषांच्या आकृती काढू नयेत; फुलांच्या माळा, वेली अशी नक्षी काढावी, असेही म्हटले आहे. अजिंठ्याची चित्रे त्यानंतर कित्येक शतकांनी झाली, आणि त्यांत आकृतींची तर रेलचेल आहे. मूलसर्वास्तिवादी परंपरेत विहाराच्या दाराशी भवचक्र काढावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास त्याचा अर्थ सांगण्यासाठी एका भिक्खूस नेमावे, असे आले आहे. सतराव्या लेण्याच्या ओसरीत ते भवचक्र आजही भग्न स्वरूपात दिसते. नियम बदलला, कारण चित्राकडे शिकवण्याचे काम आले. आम्हां शिक्षकांना ही गोष्ट विशेष जवळची वाटते.

रंगांविषयी गाइड मंडळी कधी कधी फार गूढ बोलतात. वस्तुतः बहुतेक रंग त्याच परिसरातील माती-दगडाचे आहेत. तांबडा व पिवळा या मातीच्याच दोन जाती, काळा काजळीचा, पांढरा चुना आणि पांढऱ्या मातीचा, तर हिरवा ज्वालामुखीच्या खडकात सापडणाऱ्या हिरव्या खनिजाचा. हे सारे कुटून, वाटून, गाळून सरसात कालवावे लागे. गिलावा वाळल्यानंतरच रंग लावलेला असल्याने, युरोपातील ओल्या गिलाव्यावरच्या चित्रपद्धतीशी याची गल्लत करू नये. अपवाद फक्त निळ्याचा. तो लाजवर्द दगडाचा. आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर येत असे. आरंभीच्या नवव्या-दहाव्या लेण्यांतील चित्रांत तो नाही, नंतरच्या लेण्यांत आहे. हजारो मैलांवरून आलेल्या त्या निळ्याची चिमूट हाती आल्यावर तो कोठे लावावा आणि कोठे लावू नये, हा विचार चित्रकाराला करावाच लागला असेल.

मग रेषा. प्रथम गेरूने आराखडा, त्यावर रंगांचे थर, आणि शेवटी पुन्हा गडद तांबड्या किंवा काळ्या रंगाची पक्की रेषा. जेथे वरचा रंग गळून गेला आहे तेथे खालचा गेरूचा आराखडा उघडा पडतो. मुंबईच्या कलाशाळेचे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात आपल्या भारतीय विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. उभ्या भिंतीवरच नव्हे, तर डोक्यावरच्या छतावरही या चित्रकारांनी लांबलचक वळणदार रेषा कुंचल्याच्या एकाच ओढीत, जाडी कमीजास्त होऊ न देता काढल्या आहेत, असे त्यांनी नोंदवले आहे. परांचीवर मान मागे टाकून, हात वर धरून अशी एक रेषा ओढण्यासाठी आधी किती रेषा ओढाव्या लागल्या असतील, याची कल्पना ज्याने एकदा तरी घराचे आढे रंगवले आहे त्यालाच येईल. (त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच 1885 मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी कित्येक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींचीही 1866 मध्ये लंडनलाच तीच गत झाली होती. अजिंठ्याची नक्कल करणाऱ्यांच्या वाट्यालाही मोठे कष्टच आले.)

दिवस उजेडाने ठरत असे. दरी नालाकृती असल्यामुळे सर्व लेण्यांची तोंडे एका दिशेला नाहीत. एका लेण्यात ऊन शिरते तेव्हा दुसरे सावलीत असते. आतल्या गाभाऱ्यात तर भरदुपारीही दिव्याशिवाय नीट दिसत नाही. शिवाय एक भिंत एकट्याने रंगवणे शक्यच नव्हते. बारकाईने पाहिल्यास एका ठिकाणचा चेहरा सफाईदार, तर शेजारचा घाईत उरकलेला दिसतो. हात वेगवेगळे होते, आणि त्यांतले काही निश्चितच शिकाऊ असावेत. आम्हांला तर छतावरचे हंस आणि कमळे पाहताना, ही नव्या मुलांना हात बसवण्यासाठी दिलेली जागा असेल काय, अशी शंका येते. पुरावा नाही, परंतु वर्गात आम्हीही तसेच करतो.

आणि हा माणूस आजूबाजूला डोळे उघडे ठेवून वावरत होता. सतराव्या लेण्यात वेस्संतर जातकाच्या चित्रात राजकुमाराच्या मुलांचे दान मागणारा जूजक पाहावा. दात पुढे आलेले, दाढी बोकडासारखी, नजर हावरी. असा चेहरा पोथीतून येत नाही, बाजारात पाहावा लागतो. त्याच लेण्यात यशोधरा आणि राहुल यांच्या दाराशी भिक्षापात्र घेऊन उभे असलेले तथागत आहेत. तेथे तथागतांची आकृती प्रचंड आणि मायलेक लहानसे. दुसऱ्या लेण्यात झोक्यावर बसलेली नागकन्या इरंदती आहे. तिचा झोका पाहून आमच्या मुली नेहमी थांबतात.

एक चूकही सांगितली पाहिजे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले असून, त्यामुळे तो किडीपासून बराच वाचला, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तेथे किडीने पुष्कळ नुकसान केले. म्हणजे इतके निपुण कारागीरही एक गोष्ट शिकायचे राहून गेले होते.

पालक सभेत "चित्रकलेची परीक्षा देऊन पोराच्या पोटाला काय मिळणार?" असे आम्हांला आजही विचारले जाते. प्रश्न खोटा नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाताचे काम होते आणि त्याची किंमत कधी मिळाली नाही, त्यांनी तो विचारलाच पाहिजे. आम्ही एवढेच सांगतो, की अजिंठ्याचा चित्रकार आधी माती मळणारा, दगड वाटणारा, परांची बांधणारा होता. चित्र हे त्याच्या दिवसाचे शेवटचे काम होते. आपले मूल वहीत चित्र काढत असेल तर त्याला रंग कसा होतो हेही शिकू द्यावे.

त्या विद्यार्थ्याने पुढच्या सहलीला येताना वही आणली होती. पद्मपाणीपुढे गर्दी होती म्हणून तो बाजूच्या भिंतीशी बसला, आणि जेथे गिलावा निखळून खालचे छिन्नीचे घाव उघडे पडले आहेत, तेवढाच तुकडा त्याने काढला. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी अजिंठ्याला गेल्यावर अशा निखळलेल्या कडा अवश्य पाहाव्यात. आत प्रकाश मंद असतो, डोळे सरावेपर्यंत थोडे थांबावे. सोमवारी लेणी बंद असतात, हे निघण्यापूर्वी लक्षात ठेवावे.