सूज उतरली तरी गोळी थांबवू नका

चाकण एमआयडीसीतून सुटलेली दुचाकी नाशिक महामार्गावर घसरते, नडगीचे हाड मोडते, प्लास्टर बसते. खोलीवर बघणारे कोणी नाही म्हणून कामगार रात्रीच्या बसने लातूरला किंवा नांदेडला गावी निघतो. आधीच जखडलेला पाय रात्रभर खाली लोंबत राहतो.

चालताना पोटरीचे स्नायू आकसतात आणि अशुद्ध रक्त वर हृदयाकडे ढकलतात. हा पंप बंद पडला की खोलवरच्या शिरेत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजतो, पोटरी दुखते, कातडी गरम लागते. प्लास्टर असेल तर ते अचानक घट्ट वाटू लागते. घरची मंडळी प्रेमापोटी तेल लावून पाय रगडतात, तिथेच घात होऊ शकतो. गुठळीचा तुकडा सुटला तर तो थेट फुफ्फुसात जाऊन अडकतो.

निदान डॉपलर सोनोग्राफीने होते. वरून दाबल्यावर निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. मग हेपारिनची इंजेक्शने आणि वॉरफेरिन, किंवा रिव्हारोक्साबान, अपिक्साबानसारख्या नव्या गोळ्या सुरू होतात.

खरी अडचण पुढे येते. ही औषधे गुठळी विरघळवत नाहीत, फक्त वाढू देत नाहीत. विरघळवण्याचे काम शरीर स्वतःच सावकाश करते. म्हणून किमान 3 महिने उपचार लागतात. सूज मात्र काही आठवड्यांत उतरते, पाय बरा वाटतो आणि गोळी बंद होते. तपासणीसाठी खाडा केला की रोज बुडतो, ही कंत्राटी कामगाराची तक्रार खोटी नाही. पण गोळी चालू ठेवूनही बहुतेकांना डॉक्टरांच्या सल्ल्याने कामावर जाता येते. ईएसआय कार्ड असेल तर औषधांची चौकशी तिथे जरूर करावी.

वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर साधारण 2 ते 3 मध्ये लागतो. पालक-मेथी सोडायची गरज नाही, प्रमाण रोज सारखे ठेवावे. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण त्यांचा असर दिवसभरात ओसरतो, म्हणून खाडा चालत नाही. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो. शौच डांबरासारखी काळी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.