रातकिड्याची शिदोरी

तुमच्यापैकी कोणाच्या घरी कोंबड्या असतील, तर तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. घरातील मोठी माणसे कधी कधी कोंबड्यांच्या दाण्यात शिंपल्यांचा चुरा मिसळतात. असे का बरे करतात? अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असते आणि शिंपलेही त्याचेच असतात. कोंबडीला कॅल्शियम कमी पडले, तर अंड्याचे कवच पातळ होते. म्हणजे कोंबडी जे खाते, त्यावर तिचे अंडे अवलंबून असते. हाच नियम एका दूरदेशीच्या प्राण्यालाही कसा लागू पडतो, ते आज आपण पाहू.

ऑस्ट्रेलियाच्या आतील कोरड्या प्रदेशात एक सरडा राहतो. भीती वाटली की तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो. ती दाढीसारखी दिसते, म्हणून त्याला 'दाढीवाला सरडा' म्हणतात. तो स्वभावाने शांत असतो. म्हणून अमेरिका, इंग्लंड, जर्मनी अशा देशांत पुष्कळ लोक तो हौसेने पाळतात. मोठा झाल्यावर तो पालाही बराच खातो, पण त्याची पिल्ले मुख्यतः कीटकांवर वाढतात. मालक दुकानातून जिवंत रातकिडे आणतो आणि पेटीत सोडतो. पिल्लू ते पटापट गिळते. मालकाला वाटते, याचे पोट भरले, काळजी मिटली.

परंतु काही महिन्यांनी कधी कधी वेगळेच दिसू लागते. पिल्लाचा जबडा रबरासारखा मऊ पडतो. पाय वाकतात. अंग थरथरते. थोड्याशा उंचीवरून पडले तरी हाड मोडते. रोज पोटभर खाणाऱ्या पिल्लाची अशी दशा का व्हावी?

याचे कारण रातकिड्यात आहे. कीटकांना आपल्यासारखी हाडे नसतात. त्यांचे बाहेरचे कवच कायटिन नावाच्या पदार्थाचे असते. त्यामुळे त्यांच्या अंगात कॅल्शियम फारच थोडे आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट असतो. सरड्याला मात्र अन्नात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके, आणि शक्य तर त्याच्या दुप्पट लागते. हृदय व स्नायू यांच्या कामासाठी रक्तात कॅल्शियम सतत असावे लागते. अन्नातून ते मिळाले नाही, तर शरीर आपल्याच हाडांतून काढून घेते. घर चालवण्यासाठी घराच्याच विटा विकाव्यात, तसे हे होते.

मग रानातल्या सरड्याचे काय? तो मुंग्या, भुंगे, सुरवंट असे नाना प्रकारचे कीटक खातो. त्या कीटकांनी ताजा पाला खाल्लेला असतो. शिवाय सरडा उन्हात हिंडतो. दुकानातला रातकिडा मात्र डब्यात बंद असतो. पुष्कळदा तो उपाशीच असतो. असा रातकिडा म्हणजे जवळजवळ रिकामा डबा!

म्हणून जाणकार लोक आधी रातकिड्याला जेवू घालतात. सरड्याला देण्यापूर्वी दोन दिवस त्याला कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला कोंडा देतात. सोबत कोबीच्या जातीची हिरवी पाने, गाजर किंवा रताळे ठेवतात. त्यातून त्याला पाणीही मिळते. रातकिड्याचे पोट भरले की तो लगेच सरड्याला देतात. उशीर केला, तर त्याचे पोट पुन्हा रिकामे होते आणि सारे श्रम वाया जातात. पालक मात्र यासाठी उपयोगाचा नाही. त्यात कॅल्शियम असते, पण ऑक्झलेट नावाचा घटक ते बांधून ठेवतो. काही जण रातकिड्यावर कॅल्शियमची भुकटीही लावतात. ती लावल्यावरही तो लगेच द्यावा लागतो, कारण रातकिडा आपले अंग साफ करतो आणि भुकटी निघून जाते.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व हवे. उन्हातील अतिनील किरणांमुळे ते त्वचेत तयार होते. खिडकीची काच हे किरण बहुतांशी अडवते. म्हणून पेटीत तसा खास दिवा लावतात. लहान मुलांना 'ड' जीवनसत्त्व कमी पडले, तर मुडदूस होतो आणि त्यांचेही पाय वाकतात, हे तुम्ही विज्ञानात वाचले असेल.

मित्रांनो, हे वाचून रानातला सरडा किंवा घोरपड घरी आणू नका. आपल्या देशात घोरपड, तारा कासव अशा प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. त्यांना पाळणे हा गुन्हा आहे. भिंतीवरची पाल आपले भक्ष्य आपण शोधते. पेटीतल्या प्राण्याला ती मोकळीक नसते. पुढे ठेवलेले खाणे, एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून कोणताही मुका जीव पाळायचा, तर त्याच्यापुढे नुसते खाणे टाकून भागत नाही. त्या खाण्यात त्याच्यासाठी काय आहे, हेही पाहावे लागते. पोट भरणे वेगळे आणि पोषण होणे वेगळे. मधल्या सुट्टीत आपला डबा उघडताना आपणही हे आठवावे.